रक्त तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

चिंचवड-आकुर्डीपासून भोसरी-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रक्तदान शिबिराचं अप्रूप आता कोणाला उरलेलं नाही. शिवजयंतीला मंडळाचं शिबिर असतं, १४ एप्रिलला वस्तीतलं, मार्चमधल्या सेफ्टी वीकला कंपनीतलं, आणि वर्षभर कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचं. मांडवात खाटा लागतात, माणूस दहा मिनिटं आडवा होतो, बिस्किटं-कॉफी घेतो आणि सेकंड शिफ्टला कामावर हजर होतो. त्याच्या रक्ताने भरलेली बॅग पुढे कुठे जाते, तिचं काय काय होतं, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

या बॅगेची वाट पाहणारे रुग्णालयात असतात. बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई, हायवेवर अपघात झालेला तरुण, दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागणारं थॅलॅसेमियाचं मूल. "रक्त तपासलेलं आहे ना?" एवढाच प्रश्न त्यांच्या नातेवाइकांना सुचतो. "हो, तपासलेलं आहे," हे उत्तर खरंच असतं. पण या तपासणीत काय सापडतं, काय सुटू शकतं आणि जे सुटू शकतं ते कोणाला अडवता येतं, हे देणाऱ्यालाही माहीत हवं आणि घेणाऱ्यालाही. म्हणून त्या बॅगेबरोबर एकेक पायरी चालत जाऊ.

कायद्याच्या दृष्टीने रक्त हे औषध

आपल्या देशात रक्ताची गणना औषधांत होते. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम रक्तपेढीलाही लागू आहेत. औषधाच्या कारखान्यासारखाच तिला परवाना लागतो आणि अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी तिची तपासणी करतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर नियमांत 'रक्तकेंद्र' हा शब्द आला, पण लोकांच्या तोंडी रक्तपेढीच आहे. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाची, म्हणजे आपल्या वायसीएमची रक्तपेढी असो की खासगी ट्रस्टची, नियम सगळ्यांना सारखेच.

प्रत्येक बॅगेसाठी पाच रोगांची तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस म्हणजे गुप्तरोगांपैकी एक, आणि मलेरिया. यातले पहिले तीन विषाणू आहेत आणि सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच घ्यावी लागते. कारण यातला कोणताही विषाणू अंगात असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. त्याला स्वतःलाही कल्पना नसते.

ही यादी एका दिवसात तयार झालेली नाही. हिपॅटायटिस बीची खूण बारूक ब्लमबर्ग यांना १९६० च्या दशकात सापडली आणि त्यासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. भारतात एचआयव्हीची लागण झालेली पहिली माणसं १९८६ साली चेन्नईत आढळली आणि १९८९ पासून दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच १९८९ मध्ये. त्याची तपासणी आपल्याकडे २००१ पासून सक्तीची झाली.

याच काळात आणखी एक मोठा बदल झाला. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारी माणसं असत. घरात चूल पेटायची असेल तर माणूस आजार सांगत नाही, लपवतो. ४ जानेवारी १९९६ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात स्वेच्छेने रक्त देण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून मुंबईत त्यासाठी मोहीम चालवली. त्यांचे पती सुमंत मुळगावकर यांनी पुढे पिंपरीत टेल्कोचा कारखाना उभा केला, त्यामुळे या भागातल्या जुन्या कामगारांना हे आडनाव चांगलं परिचयाचं आहे.

पहिली चाचणी फॉर्मवर होते

शिबिरात आल्याबरोबर हातात एक फॉर्म येतो. बहुतेक जण तो मित्राच्या पाठीवर ठेवून भराभर टिक करतात. पण रक्ताची पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच आहे.

फॉर्मचा एक भाग देणाऱ्याला जपतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात, ब्लड प्रेशर आणि नाडी बघतात. रात्रपाळी करून उपाशीपोटी आलेल्याला परत पाठवतात तेही त्याच्याच भल्यासाठी.

दुसरा भाग रुग्णाला जपतो. गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का? कान-नाक टोचलंय का? मोठं ऑपरेशन झालं? स्वतःला कोणाचं रक्त चढवलं? कावीळ झाली होती? नशेसाठी कधी सुई टोचून घेतली? एकाहून अधिक जोडीदारांशी किंवा अनोळखी व्यक्तीशी शरीरसंबंध आला? जत्रेत मशीनने गोंदवून घेतलेलं नावही यात टॅटूच धरायचं. एकाच सुईने किती जणांचे हात गोंदले गेले, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून टॅटू, टोचणं, मोठं ऑपरेशन किंवा रक्त चढवणं यानंतर १२ महिने थांबायला सांगतात.

काविळीचं थोडं समजून घ्यायला हवं, कारण तिथे गोंधळ जास्त होतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बरी होऊन वर्ष झालं की रक्त देता येतं. बी किंवा सीची लागण झालेल्याने मात्र कधीच द्यायचं नाही. कोणती कावीळ होती ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगावं. "झाली होती, कोणती ते माहीत नाही" हे पूर्ण आणि उपयोगाचं उत्तर आहे.

अडचण कुठे येते ती आपल्या शिबिरांत रोज दिसते. टेबलाला टेबल लागून असतं. मागे त्याच लाइनवरचे मित्र उभे असतात, शेजारी सुपरवायझर फोटो काढत असतो. अशा गर्दीत सिस्टरने "दादा, बाहेर कुठे संबंध आला होता का?" असं विचारलं तर खरं कोण सांगणार? मान नकारार्थी हलते, फॉर्मवर टिक होते आणि बॅग भरते. त्यात रक्तदात्याला हेल्मेट किंवा डबा भेट मिळणार असेल तर परत फिरणं आणखी अवघड. पैशासाठी रक्त देणाऱ्याला जे लपवावंसं वाटायचं, तेच इथे संकोचापोटी आणि भेटवस्तूपायी लपवलं जातं.

बॅग भरताना

शिबिरातली बॅग एकटी नसते. मुख्य बॅगेला नळीने जोडलेल्या दोन-तीन रिकाम्या बॅगा असतात आणि एक छोटी पिशवी. सुई लागल्यावर पहिलं ३० मिलिलिटरच्या आसपास रक्त या छोट्या पिशवीत वळवतात. कातडीवर कितीही स्पिरिट-आयोडीन लावलं तरी सुईबरोबर थोडे जंतू आत येऊ शकतात, ते या पहिल्या थेंबांबरोबर वेगळे निघतात. तपासणीसाठीच्या ट्यूबही याच पिशवीतून भरतात. मग रक्त मुख्य बॅगेत जाऊ लागतं. ३५० मिलिलिटरच्या बॅगेत गोठणं थांबवणारं ४९ मिलिलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं. त्यात रक्त नीट मिसळावं म्हणून बॅग सारखी हलती ठेवतात.

इथेच एक छोटं पण निर्णायक काम होतं. एकाच क्रमांकाचे बारकोड स्टिकर बॅगेवर, तिच्या जोड-बॅगांवर, प्रत्येक ट्यूबवर आणि फॉर्मवर लावले जातात. पुढे प्रयोगशाळेत नाव कोणी बघत नाही, क्रमांकच चालतो. स्टिकरची अदलाबदल झाली तर पुढची सगळी तपासणी अचूक होऊनही निकाल चुकीच्या बॅगेला लागेल. म्हणून सुई काढायच्या आधी खाटेशेजारीच, देणाऱ्याला नाव विचारून हे क्रमांक ताडून पाहतात.

निकाल येईपर्यंत बॅग वेगळी

चाकणच्या कंपनीतलं शिबिर संपलं की बॅगांच्या पेट्या पिंपरी-पुण्याच्या रक्तपेढीकडे निघतात. तळेगाव चौकातल्या कोंडीतून त्यांना वेळेत बाहेर पडावं लागतं, कारण प्लेटलेट वेगळ्या काढायच्या असतील तर रक्त काढल्यापासून सहा ते आठ तासांतच ते करावं लागतं. रक्तपेढीत बॅग मोठ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते आणि रक्ताचे थर वेगळे होतात. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात, बॅगेतल्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली वर्षभर टिकतो. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून, फक्त पाच दिवस. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की सगळी धावाधाव या पाच दिवसांच्या प्लेटलेटसाठी असते.

एका माणसाचं रक्त असं तीन रुग्णांना उपयोगी पडतं. त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: एक विषाणू नजरेतून सुटला तर तो तीन घरांत पोहोचू शकतो.

म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत हे सगळे घटक वेगळ्या, 'न तपासलेले' अशी पाटी असलेल्या फ्रिजमध्ये राहतात. पाचही चाचण्या आणि रक्तगट नक्की झाल्यावरच बॅगेवर अंतिम लेबल लागतं: ओ गटाला निळं, ए गटाला पिवळं, बीला गुलाबी आणि एबीला पांढरं. अपघाताच्या वेळी नातेवाईक कळवळून म्हणतात, "माझं रक्त घ्या आणि लगेच चढवा." त्यांची तळमळ खरी असते. पण आत्ता काढलेलं रक्त न तपासता चढवता येत नाही. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त विशेष प्रक्रियेशिवाय दिल्यास एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारी गुंतागुंत होऊ शकते. म्हणून त्या क्षणी रुग्णाला वाचवतं ते आधीच देऊन, तपासून ठेवलेलं कुणा अनोळखी माणसाचं रक्त.

एलायझाची प्लेट

आता प्रयोगशाळेत जाऊ. विषाणू तपासण्याची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे एलायझा. टेक्निशियनसमोर तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट असते. तिच्यात आठ आडव्या आणि बारा उभ्या रांगांत ९६ छोटे खळगे, त्यांना वेल म्हणतात.

हिपॅटायटिस बीची चाचणी घेऊ. या विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा प्रथिनाचा तुकडा, एचबीएसएजी, लागण झालेल्याच्या रक्तात मोठ्या प्रमाणात फिरत असतो. प्लेटच्या प्रत्येक वेलच्या तळाला कारखान्यातच या तुकड्याला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. टेक्निशियन प्रत्येक वेलमध्ये एकेका दात्याच्या रक्ताचा वरचा पिवळसर द्रव, सीरम, मोजून टाकतो. प्लेट ३७ अंशांवर ठेवतात. सीरममध्ये तो तुकडा असेल तर तळाशी अडकून बसतो. मग प्लेट धुतात, एकदा नाही, पाच-सहा वेळा. जे अडकलेलं नाही ते सगळं वाहून जातं. यानंतर दुसरी प्रतिपिंडं टाकतात. ती अडकलेल्या तुकड्यावर वरून बसतात आणि त्यांना एक एन्झाइम जोडलेलं असतं. पुन्हा धुणं. शेवटी रंग देणारं द्रावण. एन्झाइम जिथे टिकून आहे तिथे पाण्यासारखं द्रावण निळं होऊ लागतं. ठरलेल्या मिनिटाला आम्ल टाकून ते थांबवलं की निळ्याचा पिवळा होतो.

बहुतेक वेल स्वच्छ, रंगहीन राहतात. मध्येच एखादा पिवळाधमक दिसतो. सरावलेल्या माणसाला तो लांबूनही कळतो, पण निर्णय डोळ्यांवर सोडत नाहीत. रीडर नावाचं यंत्र प्रत्येक वेलमधून ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडून किती अडला ते आकड्यात देतं.

एचआयव्ही आणि सीच्या चाचण्याही याच धर्तीवर चालतात. फरक एवढाच की तिथे मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. एचआयव्हीचं चौथ्या पिढीचं किट प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधतं. मोठ्या रक्तपेढ्यांत हेच काम आता रंगाऐवजी प्रकाश मोजणारी स्वयंचलित यंत्रंही करतात. काही मिनिटांत निकाल देणारी रॅपिड किट घाईच्या वेळी कामी येतात, पण सुरुवातीची फिकट लागण पकडण्यात ती एलायझापेक्षा कमी पडतात.

पास की रिजेक्ट

वेलमधल्या रंगाचा आकडा कितीही असू शकतो. मग सीमा कुठे आखायची? प्रत्येक प्लेटवर काही वेलमध्ये हमखास निगेटिव्ह आणि हमखास पॉझिटिव्ह नमुने टाकलेले असतात. त्यांच्या आकड्यांवरून किट बनवणाऱ्याने दिलेल्या सूत्राने त्या प्लेटचा कट-ऑफ निघतो. हे नियंत्रण नमुने अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर दात्यांचे निकाल कसेही असोत, पूर्ण प्लेट बाद होते आणि चाचणी पहिल्यापासून करावी लागते.

ज्यांनी चाकणच्या एखाद्या ऑटो पार्टच्या शॉपमध्ये गो-नोगो गेज हाताळलं आहे, त्यांना कट-ऑफचा अर्थ लगेच कळेल. गेज पार्टचं नेमकं माप सांगत नाही, पार्ट पुढे जाणार की रिजेक्ट बिनमध्ये, तेवढंच सांगतं. आणि जिथे जिवाचा प्रश्न असतो तिथे गेज मुद्दाम कडक ठेवतात, चार चांगले पार्ट बाद झाले तरी चालतील पण एक खराब पुढे जाता कामा नये. कट-ऑफ तसाच कडक असतो. कारखान्यात काही पार्ट रीवर्कला जातात, काहींची तपासणी नमुन्यावर भागते. इथे प्रत्येक बॅग तपासायची आणि रिजेक्ट झालेल्या बॅगेला रीवर्क नाही.

या कडकपणामुळेच कट-ऑफच्या वर गेलेला, म्हणजे 'रिअॅक्टिव्ह' आलेला नमुना लागण झालेल्याचाच असतो असं नाही. समजा हजार दाते आहेत, त्यांतल्या दोघांना खरी लागण आहे आणि चाचणी हजार निरोगी माणसांमागे पाच जणांना चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. म्हणजे एकूण सात जण रिअॅक्टिव्ह, आणि त्यांतले पाच निरोगी! बॅग सातही जणांची नष्ट होते, पण निदान कोणाचंच झालेलं नसतं. निदान पुढच्या चाचण्यांनी होतं. ही गोष्ट न कळल्यामुळे किती घरांत रात्री जागून काढल्या गेल्या असतील, याची कल्पना करवत नाही.

चाचण्यांचा दर्जा सांभाळण्याच्या देशव्यापी व्यवस्थेतली एक महत्त्वाची संस्था आपल्याच शेजारी आहे. भोसरी एमआयडीसीतली ही संस्था १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', या नावाने सुरू झाली. एचआयव्ही तपासणाऱ्या प्रयोगशाळांची परीक्षा घेण्याच्या साखळीत ती शिखरावरच्या प्रयोगशाळांपैकी एक आहे. आधीच निकाल माहीत असलेले नमुने फक्त क्रमांक टाकून प्रयोगशाळांना पाठवायचे आणि त्यांची उत्तरं ताडून पाहायची, अशी ही परीक्षा असते.

जे कोणत्याही यंत्राला दिसत नाही

आता सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येऊ. समजा एका माणसाला महिन्याच्या १ तारखेला एचआयव्हीची लागण झाली. विषाणू आधी शरीरात एका जागी वाढतो. रक्तात तो सापडण्याइतका उतरायला दिवस लागतात आणि शरीराने प्रतिपिंडं तयार करायला आणखी. साधारण हिशेब असा: फक्त प्रतिपिंडं शोधणारी चाचणी तीन आठवड्यांनी, म्हणजे २२ तारखेच्या आसपास पॉझिटिव्ह येईल. पी-२४ही शोधणारी चाचणी १६-१७ तारखेला. विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधणारी नॅट चाचणी ११-१२ तारखेला. हा माणूस ८ तारखेला शिबिरात आला तर? तिन्ही चाचण्या निगेटिव्ह येतील. टेक्निशियनची चूक नसेल, किट उत्तम असेल, कागदपत्रं चोख असतील. तरीही बॅग तीन रुग्णांकडे जाईल.

लागण आणि ती दिसू लागणं यांमधल्या या काळाला विंडो पीरियड म्हणतात. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी दिसायला पाच-सहा आठवडे लागतात, नॅटने तो काळ तीन-चार आठवड्यांवर येतो. हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडं दिसायला दोन महिने किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तिथे नॅटचा फायदा सगळ्यात मोठा, ती आठवडाभरात विषाणू पकडते. हिपॅटायटिस बीची आणखी एक अवघड अवस्था आहे: जुन्या लागणीत एचबीएसएजी दिसेनासा होतो पण विषाणू अगदी थोडा शिल्लक असतो. अशा बऱ्याच बॅगा नॅटमुळेच सापडतात.

नॅटमध्ये विषाणूच्या आरएनए-डीएनएच्या छोट्याशा तुकड्याच्या कोट्यवधी प्रती करून तो शोधतात. खर्च कमी करण्यासाठी काही ठिकाणी सहा-सहा दात्यांचे नमुने एकत्र करून तपासतात, तर काही ठिकाणी प्रत्येकाचा वेगळा. वेगळा तपासणं महाग, पण जास्त बारीक. यंत्र आणि किट महाग असल्यामुळे नॅट सगळीकडे नाही आणि सक्तीच्या चाचण्यांच्या यादीतही नाही. ज्या रक्तपेढ्या ती करतात त्या स्वतःहून करतात. म्हणून रक्त घेताना "ही बॅग नॅट झालेली आहे का?" असं विचारण्याचा रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे. थॅलॅसेमियाच्या मुलांसाठी तर हा प्रश्न दरवेळी विचारावा. अशा मुलाला वर्षाला वीस-पंचवीस जणांचं रक्त लागतं, आणि दर बॅगेमागे असलेला बारीकसा धोका आयुष्यभर साठत जातो. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलॅसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आणि त्यांतलं एक मूल दगावल्याचं समोर आलं, तेव्हा राज्याच्या आरोग्य विभागाला चौकशी लावावी लागली.

नॅटने विंडो पीरियड लहान होतो, संपत नाही. त्या उरलेल्या दिवसांत रुग्णाला वाचवू शकणारा माणूस एकच आहे: फॉर्म भरणारा दाता. "गेल्या महिन्यात असं काही घडलंय की आज मी रक्त देऊ नये," हे फक्त त्यालाच माहीत असतं.

रिअॅक्टिव्ह आल्यावर

चाचणी रिअॅक्टिव्ह आली की बॅग आणि तिच्यापासून काढलेले सगळे घटक बाजूला काढतात, निर्जंतुक करतात आणि पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे नष्ट करायला देतात. तो दाता पूर्वी रक्त देऊन गेला असेल तर जुन्या नोंदींवरून त्याच्या आधीच्या बॅगा कोणाकडे गेल्या याचाही माग काढता येतो. बारकोड आणि रजिस्टर इतक्या काटेकोरपणे सांभाळतात ते यासाठीच.

दात्याला निकाल कळावा का, हे त्याच्याच हातात असतं, फॉर्मवर तसा प्रश्न असतो. तिथे 'हो' लिहिणं शहाणपणाचं. मग रक्तपेढीचा काउन्सेलर त्याला एकट्याला बोलावतो. एचआयव्हीसाठी त्याला सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत पाठवतात. तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांनंतरच निदान पक्कं होतं आणि ते मोफत होतं. लागण पक्की झाली तरी उपचार मोफत मिळतात आणि नियमित गोळ्यांवर माणूस दीर्घ, कामाचं आयुष्य जगतो. हिपॅटायटिस सी तर आज बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीचे उपचार मोफत आहेत, आणि बीपासून घरातल्या बाकीच्यांना लसीने वाचवता येतं.

कंपनीतल्या शिबिरात एक भीती असते: निकाल एचआरला कळला तर? कळवता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे आणि त्या कारणावरून नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. शंका आहे म्हणून "रक्तदानात तपासणी फुकट होते, बघून घेऊ" असा विचार करून शिबिराला जाऊ नका. शंका असलेल्या माणसाचं रक्त विंडो पीरियडमध्ये असण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. त्याने थेट आयसीटीसीत जावं. तिथे तपासणी फुकट आणि गोपनीय असते आणि कोणाच्याही शरीरात काही चढवलं जात नाही.

पुढच्या शिबिराला

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि कंपन्यांनी तीन गोष्टी केल्या तरी रक्त अधिक सुरक्षित होईल. प्रश्न विचारायचं टेबल पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत ठेवा. भेटवस्तू आणि विभागावार 'किती बॅगा' अशी स्पर्धा बंद करा. आणि कोणी परत फिरला तर कारण विचारू नका, इतरांनाही विचारू देऊ नका. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून रोज कितीतरी जण परत जातात, त्यांच्यात तोही एक.

दात्यांसाठी सांगायचं तर, दर तीन-चार महिन्यांनी नियमित रक्त देणारा माणूस सगळ्यात भरवशाचा. त्याचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलेलं असतं आणि त्याला कोणी ओढून आणलेलं नसतं. फॉर्म हातात आला की प्रत्येक ओळ वाचा. अडलं तर डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारा. घरी गेल्यावर काही आठवलं किंवा दोन दिवसांत ताप आला, तर डोनर कार्डावरच्या नंबरवर फोन करून बॅग थांबवायला सांगा. रक्तपेढीला त्याचा राग येत नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं. आणि द्यायला नको असं वाटलं तर "आज नको" एवढं म्हणून उठा. त्या दिवशी तुम्ही बॅग भरली नसेल, पण ज्याला ते रक्त चढलं असतं त्याला वाचवलेलं असेल.